काळ्या सुंभाचा दगड

कोकेइ-आन मंदिराच्या मागच्या बागेत, पाऊलभर अंतराने शिळा बसवलेल्या आतल्या वाटेवर एक दगड ठेवलेला असतो. पहिल्या शरदात तो वाटेच्या तोंडाशी होता. दुसऱ्या शरदात तो एक शिळा आत गेला होता. तिसऱ्या शरदात आणखी एक शिळा आत. चौथ्या शरदात तो पुन्हा वाटेच्या तोंडाशी आला होता.

दगड नारळाएवढा, काळ्या सुंभाने उभा-आडवा बांधलेला. वर उचलण्याजोगी गाठ. क्योतोत वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. यापुढे जायचे नाही, एवढेच तो सांगतो. जवळ कुंपण नसते, पाटी नसते, राखणदार नसतो. तरी नुकते चालू लागलेले मूलही त्याच्यापाशी थबकते. सभागृहांतला ध्वनी मोजणे हा माझा व्यवसाय आहे आणि न मोजलेल्या गोष्टीवर विश्वास न ठेवणे ही त्या व्यवसायाची अट. तरीही तो दगड मी कधी ओलांडला नव्हता.

तिथे आम्ही पहिल्यांदा पोहोचलो ते केवळ गर्दीमुळे. मादोका माझी शाळेपासूनची मैत्रीण. गेंता तेव्हा तिचा होऊ घातलेला नवरा. पाने रंगली की एक दिवस काढून बागा पाहायच्या, हा आमचा तिघांचा नेम. त्या दिवशी ठरवलेल्या मोठ्या मंदिराची रांग ओढ्यावरच्या पुलापर्यंत आली होती.

“रांगेत उभं राहून झाडं बघायची, तर मी आपलं घरच्या कुंडीतलं झाड बघेन,” गेंता म्हणाला. त्याच्या एका हातात भाजलेले रताळे होते. दुसरे खिशात ऊब देत होते.

“तुझ्या कुंडीतलं झाड मेलंय,” मादोका म्हणाली.

“म्हणून तर तिथे रांग नसते.”

आम्ही रांग सोडली आणि चढण चढत राहिलो. ऊन होते आणि उन्हातच पावसाची भुरभुर चालू होती. डोंगरावरून येते, माणसाला ओले करावे की नाही याचा विचार करते आणि निघून जाते, तशी. वाटेच्या शेवटी गवताने शाकारलेले एक बुटके दार लागले. मी वाकून आत शिरले.

मेपलची पाने लाल का होतात, हे मला ठाऊक आहे. दिवस लहान होतात, पानातले हिरवे द्रव्य विरते, थंड रात्री पानातली साखर पानातच अडकते आणि तिच्यापासून तांबडे रंगद्रव्य तयार होते. हे सर्व ठाऊक असूनही मी दारातच थांबले आणि मागून येणारी मादोका माझ्यावर आदळली.

“काय गं, काय झालं?”

समोर शेवाळाची हिरवी लाट होती. तिच्यावर पाने विखुरली होती, आणि वर, अख्खे आकाश पेट घेऊन निःशब्द उभे होते. एखाद्या गोष्टीचे कारण ठाऊक असले म्हणून ती कमी होत नाही, हे मी तोवर केवळ तर्काने मान्य केले होते.

तेवढ्यात मला ऐकू आले… खरे तर धड ऐकू आले नाही. ऐकू येईल, असे वाटले. बागेच्या कोपऱ्यातून एक वाट आत वळत होती आणि तिच्या टोकाला, कॅमेलियाच्या झुडपाआड, हात धुण्याची दगडी कुंडी अर्धवट दिसत होती. नाद तिथून येत होता. तिच्याखाली घडा पालथा पुरलेला असणार. सांडलेले पाणी खड्यांतून झिरपते, घड्याच्या बुडाच्या भोकातून थेंब थेंब आतल्या साचलेल्या पाण्यावर पडते आणि जमिनीखाली कुणी तार छेडावी तसा नाद उठतो. जुन्या बागांत असे घडे असतात. त्यांतले बहुतेक मुके झालेले असतात. हा बोलत होता.

मी दगडाशी उभी राहिले, कंबरेत वाकले आणि जमेल तितका कान पुढे केला.

“त्या दगडाच्या पुढे जाता येत नाही.”

आवाज मागून आला होता. मी वळले नाही. वळले असते तर तोल गेला असता.

“मी गेलेली नाही. माझे दोन्ही पाय अलीकडे आहेत.”

“डोकं पलीकडे आहे.”

“नियमात डोक्याचा उल्लेख आहे?”

मागे झाडूचा एक फटकारा झाला आणि थांबला.

“आजोबांना विचारावं लागेल,” आवाज गंभीरपणे म्हणाला. “आजवर कुणाचं डोकं एकटं गेलेलं नाही.”

आता मात्र मी वळले. निळसर कामाचे कपडे, गळ्यात पंचा, हातात बांबूचा झाडू, तुळतुळीत भादरलेले डोके. आणि त्या डोक्यावर मधोमध चिकटलेले एक लाल पान. पान आहे हे त्याला माहीत नव्हते. मी सांगितले नाही. एवढे नीटनेटके दृश्य बिघडवण्याला मला काही सबळ कारण दिसले नाही.

त्याचे नाव इतारू. मी माझे आडनाव तेवढे सांगितले: आशिदा. मंदिराच्या थोरल्या भिक्षूंचा नातू; आमच्याकडे भिक्षू संसार करतात. दूरच्या मठातले शिक्षण संपवून तो त्याच वर्षी परतला होता आणि पुढे मंदिर त्याच्याकडेच येणार होते. हे सर्व मादोकाने चहा गार होण्याच्या आत ओसरीवर बसून काढून घेतले. गेंताने तेवढ्याच वेळात बेसबॉलचा विषय काढला आणि दोघांचा संघ एकच निघाल्यावर खिशातले रताळे त्याला अर्धे मोडून दिले.

“ऐकू आला का घडा?” निघताना इतारूने मला विचारले.

“अर्धवट. तिथून पक्ष्यांची किलबिल त्याच्यावर चढते. थोडं आत जाता आलं असतं तर—”

“पलीकडे फक्त घरची माणसं जातात,” तो चटकन म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन कानांच्या पाळ्यांपर्यंत तांबडा झाला. त्या तांबड्या रंगाचेही कारण मला ठाऊक आहे. “म्हणजे… आजोबांचा नियम आहे तसा. तुम्ही पुढच्या वर्षी या ना, आशिदा-सान. पुढच्या वर्षी पक्षी कमी असतील.”

“असा काही कल दिसतो का? आकडे आहेत तुमच्याकडे?”

“आकडे नाहीत,” तो म्हणाला. “आशा आहे.”

*

दुसऱ्या शरदापर्यंत गेंता आणि इतारू यांची घट्ट मैत्री झाली होती. सामना असला की गेंता डोंगर चढून मंदिरात जाई आणि थोरल्या भिक्षूंसह तिघे रेडिओला कान लावून बसत. त्यामुळे आमची तिघांची सहल आपोआप चौघांची झाली. इतारू सकाळी आमच्याबरोबर एखादी बाग पाहायला येई आणि त्याचे स्वतःचे दार उघडण्याची वेळ झाली की झाडूकडे पळे. मग दुपारी आम्ही कोकेइ-आनला जात असू.

दगड एक शिळा आत होता, हे मला पाहताक्षणी कळले. आदल्या वर्षी तो नेचाच्या जाळीशी होता. आता दगडी दिव्याच्या पायथ्याशी होता.

“दगड सरकलाय,” मी म्हणाले.

“दगड कधी सरकतात का, आशिदा-सान?” इतारू म्हणाला. तो माझ्याकडे पाहत नव्हता. अत्यंत मन लावून एकच पान झाडत होता.

“भूकंपात सरकतात.”

“मग झाला असेल.”

“नोंद नाही.”

“लहान असेल.”

“फक्त हा एक दगड हलवण्याइतका लहान?”

“भूकंपाचं काही सांगता येत नाही,” तो म्हणाला. ते पान एव्हाना दोनदा झाडून झाले होते.

मी नव्या जागी उभी राहिले आणि वाकले. या वेळी नाद अधिक स्पष्ट होता. सूर कळत होता, पण थेंब वेगळा कळत नव्हता. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा शेजारी इतारू झाडू छातीशी धरून, श्वास रोखून उभा होता. घडा त्याने लहानपणापासून ऐकला होता. त्याचे लक्ष घड्याकडे नव्हते.

“काय?” मी विचारले.

“काही नाही. डोकं पलीकडे गेलंय.”

*

तिसऱ्या वर्षी पाऊस उशिरा थांबला आणि रंग असा चढला की म्हातारी माणसेही वाटेत थांबून मान वर करत होती. त्या सकाळी इतारूने आम्हाला त्याच्या मठातल्या एका सोबत्याच्या मंदिरात नेले. तिथल्या दालनाची फरशी लाकडी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुसण्याने ती काळ्या पाण्यासारखी झालेली. आम्ही चौघे उंबऱ्याशी गुडघे टेकून बसलो.

समोरची भिंत उघडी होती. बाहेरची झाडे उभी होती तशीच आत, फरशीत, उलटी उतरली होती. तांबडे, शेंदरी, आणि ज्याला नाव नाही असे काहीतरी. वारा आला की वरचे जंगल हलायचे, मग खालचेही. आपण जमिनीवर बसलो आहोत की एका पेटत्या दरीच्या काठावर, हे डोळ्यांना ठरवता येईना. गेंताने हातातली चेस्टनटची पुडी हळूच बाजूला ठेवली. त्याला खाणे थांबवताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

“जितक्या कोनातून प्रकाश येतो तितक्याच कोनातून परततो,” मी पुटपुटले. “एवढंच आहे हे.”

“हो,” इतारू तितक्याच हलक्या आवाजात म्हणाला. “एवढंच आहे.”

त्याच्या म्हणण्यात विरोध नव्हता, थट्टाही नव्हती. त्याची बाही माझ्या बाहीला टेकली होती. दोघांपैकी कुणीही हात मागे घेतला नाही. कापडाला कापड लागण्यात ऊर्जेची देवघेव नगण्य असते. माझे मोजमाप त्या सकाळी जुळले नाही.

दुपारी कोकेइ-आनमध्ये दगड आणखी एक शिळा आत होता. आता कॅमेलियाच्या अलीकडेच. कुंडीचा काठ दिसत होता आणि काठावर आडवी ठेवलेली बांबूची पळीही. मी रीतसर विचार केला. शेवाळ जपण्यासाठी दगड हलवावा, तर शेवाळ दोन्हीकडे सारखेच निरोगी होते. पाहुणे वाढले म्हणून जागा मोकळी करावी, तर पाहुणे वाढले नव्हते. राहता राहिले थोरले भिक्षू. ते ओसरीवर पर्सिमनची फळे सोलत बसले होते.

“आजोबा, तो दगड दरवर्षी आत का जातो?”

“दगड?” त्यांनी डोळे किलकिले केले. “दगड तिथेच आहे. बाग सरकते.”

हे उत्तर मी बाद ठरवले.

परतताना उतारावर मादोकाने माझा दंड धरला. “फुमिनो, एक विचारू? तू घड्यासाठी येतेस ना तिथे?”

“अर्थात.”

“मग चेहरा असा का झालाय, परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरीसारखा?” ती थांबली, मग गंभीर झाली. “हे बघ, तो फार चांगला आहे. पण त्याच्या बायकोला मंदिराची गृहिणी व्हावं लागेल. पहाटेची घंटा, वर्षश्राद्धं, अख्ख्या वस्तीला चहा. तू? तुला तर उदबत्तीनं शिंका येतात.”

“कुणी काही विचारलेलं नाही, मादोका.”

“तेच म्हणतेय मी. तो विचारणार नाही. तुझं काम त्याच्यापेक्षा मोठं आहे असं त्याला वाटतं. आणि तू आपण होऊन बोलणार नाहीस, कारण तुला पुरावा लागतो. बसा मग दोघं. बाग बघत.”

*

चौथ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मला साप्पोरोहून बोलावणे आले. तिथे नवे संगीतगृह उभे राहत होते. भिंती चढण्यापासून पहिली मैफल होईपर्यंत त्याच्या ध्वनीची जबाबदारी माझ्यावर असणार होती. काम दोन वर्षांचे. असे काम माणसाला एकदाच मिळते. मी होकार कळवला आणि त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला: जाण्यापूर्वी इतारू काही बोलेल का? आणि तो बोलला नाही, तर मी जाईन ती परत येण्यासाठी जाईन, की नुसतीच जाईन?

शरद आला. आम्ही बुटक्या दारातून आत शिरलो. झाडे नेहमीसारखीच पेटली होती. मी नेहमीसारखीच दारात थांबले. मग वाटेकडे पाहिले.

दगड नेचाच्या जाळीशी होता. वाटेच्या तोंडाशी.

इतारू लांबून दिसला. तो वाकला, अगदी रीतीप्रमाणे, कोणत्याही पाहुण्यापुढे वाकावे तितकाच, आणि झाडू घेऊन मागच्या अंगाला गेला. सकाळी तो आमच्याबरोबर बाग पाहायलाही आला नव्हता; काम आहे, असा निरोप गेंताकडे दिला होता.

“याला काय झालंय?” गेंता म्हणाला. “परवा आपला संघ जिंकला, तरी हसला नाही.”

मादोका ओठ चावत होती. “मी… मी त्याला तुझं साप्पोरोचं सांगितलं होतं. गेल्या महिन्यात. मला वाटलं, ऐकून तरी तोंड उघडेल.”

मी ओसरीवर गेले. थोरले भिक्षू चहा गाळत होते. मी त्यांच्यासमोर गुडघे टेकले.

“आजोबा, या वेळी नीट उत्तर द्या. दगड कुठे ठेवायचा, हे कोण ठरवतं?”

त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली.

“दगडाच्या पलीकडे फक्त घरची माणसं, हा माझ्या आजोबांचा नियम. तो मोडत नाही. पण दगड कुठे ठेवायचा, ते ज्याच्या हातात झाडू असेल तो ठरवतो. रोज सकाळी वाट झाडताना दगड उचलावाच लागतो. परत ठेवताना हात जिथे जाईल तिथे तो ठेवायचा. मी झाडायचो तेव्हा मी ठेवायचो. आता गुडघे गेले.” ते चहात फुंकर घालू लागले. “मी काही बघत नाही. म्हातारा माणूस, डोळे अधू. पण गेल्या महिन्यात एका सकाळी दगड मागे आला आणि त्या दिवशी जेवणात इतारूच्या हातून मीठ दोनदा पडलं, एवढं मला कळलं.”

मी चहा तसाच ठेवून उठले.

इतारू वाटेच्या टोकाला होता. कुंडीत पडलेली पाने हाताने वेचत होता. मी दगडाशी उभी राहिले. आमच्यामध्ये सगळी वाट होती.

“कामात आहात?”

“पानं आहेत ना.”

“दरवर्षीच असतात.”

तो सरळ उभा राहिला. “साप्पोरोचं कळलं. अभिनंदन, आशिदा-सान.”

“आभारी आहे. दगड मागे कुणी आणला?”

हातातली ओली पाने त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मी.”

“आणि आत कुणी नेला होता?”

“…मीच.”

“का?”

“काही गोष्टींना कारण नसतं.”

“असतं. सांगायची हिंमत नसते, ती वेगळी गोष्ट.”

उन्हात पुन्हा भुरभुर सुरू झाली. त्याच्या भादरलेल्या डोक्यावर बारीक थेंब चमकू लागले. आणि त्या थेंबांत, मधोमध, एक लाल पान येऊन बसले. मला हसू येत होते आणि रडूही. या दोन्ही क्रिया एकाच वेळी होऊ शकतात, हे मी त्या दिवशी शिकले.

“मागे का आणलात, ते तरी सांगा.”

“तुम्ही जाणार,” तो म्हणाला. “जाणाऱ्या माणसाला, इथे अजून थोडं राहिलंय असं वाटायला लावू नये. आणि राहून तरी काय? पहाटेची घंटा, लोकांची श्राद्धं, चहा, पानं. तुम्ही मोठमोठ्या संगीतगृहांना गळा देता. तुम्हाला या एवढ्याशा वाटेवर कशाला अडकवू?”

“हे मला विचारलंत?”

“नाही.”

“मादोका नेमकं काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘फुमिनो साप्पोरोला चालली.’”

“दोन वर्षांसाठी, असं नाही म्हणाली?”

त्याच्या हातातली पाने खाली पडली. “दोन वर्षं?”

“दोन वर्षं. त्यानंतर मी परत येणार आहे. आणि तुम्ही एका वाक्यावर दगड उचललात. पुढचा प्रश्नसुद्धा न विचारता.”

“हो.”

“अपुऱ्या माहितीवर निष्कर्ष. आमच्या प्रयोगशाळेत असं करणाऱ्याला घरी पाठवतात.”

“मी घरीच आहे,” तो केविलवाणा होऊन म्हणाला.

पाठीमागे, ओसरीच्या दिशेला, गेंताला ठसका लागला आणि मादोकाने त्याच्या पाठीत धपाटा घातल्याचा आवाज आला. मी मागे वळून पाहिले नाही.

“मी आधीच सांगून ठेवते,” मी म्हणाले. “मला उदबत्तीने शिंका येतात. बुद्धापुढे मी हात जोडेन ते सवयीने, श्रद्धेने नाही. माझं काम मी सोडणार नाही. ओसाकाला प्रयोगशाळेत जायला इथून बस आहे, मी चौकशी केली आहे.”

“शिंका आजोबांनाही येतात,” इतारू म्हणाला. मग त्याला माझे शेवटचे वाक्य कळले. “चौकशी… कधी केलीत?”

“गेल्या शरदात.”

त्याच्या जागी कानांच्या तांबड्या पाळ्या बोलल्या.

“आता मला नियम पुन्हा एकदा सांगा. दगडाच्या पलीकडे फक्त घरची माणसं?”

“हो.”

“आणि दगडच मी उचलला तर?”

“आजवर पाहुण्यांपैकी कुणी कधी—”

“उचललेला नाही. माहीत आहे.”

मी वाकले आणि सुंभाची गाठ मुठीत धरली. सुंभ ओला होता, थंड होता; दगड दिसतो त्यापेक्षा जड निघाला. जन्मापासून शिकलेली प्रत्येक गोष्ट मला तो खाली ठेवायला सांगत होती. मी तो उचलला आणि चालू लागले. नेचा गेला, दगडी दिवा गेला, कॅमेलिया गेली. शिळा ओल्या होत्या. पाने पायाखाली आवाज करत नव्हती. कुंडीशी पोहोचल्यावर मी दगड कुंडीच्याही पलीकडे ठेवला. आता आम्ही दोघेही त्याच्या अलीकडे होतो.

इतारूने पळी पाण्यात बुडवली. पाणी त्याने हळू ओतले. खड्यांवर, थोडे थोडे. मग आम्ही दोघे उकिडवे बसलो.

आधी काहीच नाही. मग जमिनीखाली, खोल, एक थेंब पडला.

त्या नादाचे वर्णन मी करू शकते. तो कोणत्या पट्टीत होता, किती वेळ रेंगाळला, पोकळीच्या कोणत्या आकाराने त्याला गोलाई दिली, हे मला सांगता येईल. ध्वनी मोजण्याचे यंत्र माझ्या पिशवीत होते. मी ते काढले नाही. दुसरा थेंब पडला, मग तिसरा; प्रत्येक निराळा, प्रत्येक आपल्यामागे थोडी शांतता सोडून जाणारा. जमिनीला आतून इतके निर्मळ काहीतरी असते आणि आपण वर्षानुवर्षे तिच्यावरून नुसते चालत असतो. मी किती वेळ तशी बसले, ते मला माहीत नाही. मोजायचे राहून गेले.

“ऐकू आला?” त्याने विचारले.

“आला. पूर्ण.”

हात लांब करून मी त्याच्या डोक्यावरचे पान उचलले. पहिल्या वर्षीच उचलायला हवे होते. “हे पान किती वेळ होतं?” तो ओशाळून म्हणाला.

“पहिल्या शरदापासून.”

तो हसला, मग एकदम घाबरा झाला. “आजोबांना काय सांगू?”

“सांगा, या वेळी डोकं एकटं गेलं नाही. पायही गेले.”

“फुमिनो,” तो म्हणाला. प्रथमच, आडनावाशिवाय. “दोन वर्षांनी… इथेच ये. घरी.”

“हे सांगणं आहे, की विचारणं?”

“विचारणं.”

“मग उत्तर हो आहे.”

ओसरीवर कुणीतरी टाळी वाजवली आणि कुणीतरी त्याला गप्प केले. आम्ही तसेच बसून होतो. घडा शांत होत आला होता. तेव्हा मी त्याला शेवटचा प्रश्न विचारला: दगड आत न्यायचाच होता, तर पहिल्याच वर्षी कुंडीपर्यंत का नेला नाहीस? दरवर्षी एकेक शिळाच का? त्याने पळी काठावर आडवी ठेवली आणि खाली मान घालून उत्तर दिले. ते मी इथे नोंदवते.

पहिल्या शरदात एक मुलगी मान लांबवून घडा ऐकत होती आणि तो तिला अर्धवटच ऐकू आला. ती पुन्हा यावी, असे झाडणाऱ्याला वाटत होते. दगड त्याने एकदम आत ठेवला असता, तर तिला घडा पूर्ण ऐकू आला असता आणि पुढच्या वर्षी येण्याला तिच्यापाशी कारण उरले नसते. म्हणून तो दरवर्षी एकच शिळा पुढे जाई. थोडे ऐकू यावे, थोडे राहावे. ती कायमची जाणार, असे समजून त्याने दगड परत आणला. कारण एवढेच.

या हिशेबात त्याची एक चूक होती. दुसऱ्या शरदापासून मी घड्यासाठी येत नव्हते.